बुधवारी मरणारे मामा

माझे मामा पहिल्यांदा मेले ते मिक्सरमुळे. त्याआधी साठीला टेकेपर्यंत ते चांगले जिवंत होते, पण त्याची कुणी दखल घेतल्याचं मला आठवत नाही.

नोकरी पाणीपुरवठा कार्यालयात, तक्रारीच्या खिडकीवर. खिडकीच्या काचेला बोलण्यासाठी पाडलेलं भोक इतकं खाली होतं की तक्रार करायला आलेल्या माणसाला आधी वाकावं लागे. वाकलेला माणूस तिथेच अर्धा नरम व्हायचा. उरलेला अर्धा मामांच्या चेहऱ्याकडे बघून. नळाला आठवडाभर थेंब नाही असं कुणी घसा फोडून सांगितलं, तरी मामा अशा चेहऱ्याने ऐकत, जणू दुसऱ्याच कुठल्या गावातल्या पुराची बातमी चाललीय. त्यात दुष्टपणा नव्हता. आपल्याला खरंच वाईट वाटायचं असं ते सांगत. पण ते वाईट वाटणं आतून निघून चेहऱ्यापर्यंत पोचेस्तोवर तक्रारदार घरी गेलेला असे.

मामी याच चेहऱ्यासमोर संसार करत आलेली. घराच्या पुढच्या खोलीत ती शिवणकाम करते. पँटी आखूड करणं, चेनी बदलणं, लग्नाआधी शिवलेले कोट लग्नानंतर सैल करून देणं. तिचं बोलणंही तसंच, मापात आणि टाचणीसकट. मामा निवृत्त होऊन घरी बसले तेव्हा ती माझ्या आईला म्हणाली होती, "बसले म्हणजे अगदी बसलेच हो. परवा गिऱ्हाईक आलं, त्यानं यांच्या अंगावर कोट ठेवला."

त्यांच्या वरचा मजला बरेच महिने रिकामा होता. तो एका टीव्ही मालिकावाल्यांनी भाड्याने घेतला. मालिकेचं नाव 'फिरले वासे'. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. पण हल्ली कुणाच्या घराला वासे उरलेत? म्हणून या मंडळींनी घरातली मशीनं फिरवायची ठरवली. दर बुधवारी एक नवं घर, घरात एक मशीन, आणि ते मशीन मालकाचा जीव घेणार. का घेणार, हे शेवटपर्यंत कळायचं नाही. शेवटी समजावून सांगत, तेव्हा तर अजिबातच कळायचं नाही.

त्यांच्या जाड जाड वायरी जिन्यावरून लोंबायला लागल्या आणि मामीचं एक गिऱ्हाईक अडखळून पडलं. मामी म्हणाली, वर जाऊन सांगून या. जन्मभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकलेला माणूस पहिल्यांदाच स्वतः तक्रार घेऊन जिना चढला. वर त्यांचं कुणी ऐकलं नाही. बघितलं मात्र. दिग्दर्शक सकाळपासून डोक्याला हात लावून बसला होता. त्या दिवशी मरायचा नट आदल्याच दिवशी दुसऱ्या मालिकेत पोलीस झाला होता, आणि इकडे यायला तयार नव्हता. दारात मामा वायरींबद्दल काहीतरी सांगत उभे होते. दिग्दर्शकाने तो चेहरा डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, आणि विचारलं, "काका, तुम्ही मराल का?"

मामा म्हणाले, "कधी?"

"आत्ता. जेवणाच्या सुट्टीआधी."

मामांनी खाली निरोप पाठवला की यायला जरा उशीर होईल. मग ते एका नकली स्वयंपाकघरात ओट्याजवळ उभे राहिले. मिक्सर आपोआप सुरू झाला. मामांनी त्याच्याकडे आपल्या खिडकीवरच्या चेहऱ्याने पाहिलं, शांतपणे, जणू मिक्सरचंही काही गाऱ्हाणं आहे आणि ते ऐकून घेणं आपलं काम आहे. दिग्दर्शक म्हणे खुर्चीतून उठून उभा राहिला. त्यानंतर मात्र त्याने मामांना डोळे फाडायला, डावा हात वर करायला आणि 'नाही, नाही' असं ओरडायला लावलं. मामांनी तेही केलं. इतका मोठा आवाज त्यांनी आयुष्यात काढला नव्हता. खाली मामीला वाटलं, वरचे लोक कपाट सरकवतायत.

तो भाग लागला त्या बुधवारी आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. मामा मेले तशी माझ्या आईने, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीने, डोळ्याला पदर लावला आणि दुसऱ्या हाताने मयत भावाला फोन लावला. पलीकडून मामांनी पहिल्याच घंटीला उचलला. ते म्हणाले, "बोल ताई, कसा मेलो?"

झालं, मामांना तोंड फुटलं.

पुढच्या महिन्यात त्यांना मिशा लावून फ्रिजमध्ये गोठवलं. मग दाढी लावून इस्त्रीने मारलं, टोप घालून गिझरने, चष्मा लावून पंख्याने. कपडे धुण्याच्या मशीनने त्यांना दोनदा मारलं, एकदा वरून झाकण उघडणाऱ्या आणि एकदा पुढून. मामा या कामाकडे फार गांभीर्याने बघू लागले. घरगुती समारंभात ते मध्ये बसत आणि मशीनांचे स्वभाव समजावून सांगत. फ्रिज मनात ठेवतो. इस्त्री तोंडावर बोलते आणि मोकळी होते. पंख्याला वरून सगळं दिसत असतं, म्हणून तो शिष्ट. मिक्सर मात्र भोळा, दुसऱ्याचं ऐकून बिघडतो. आधी पाहुणे तोंडाला रुमाल लावून हसत. मग हेच पाहुणे मामांच्या शेजारी उभे राहून फोटो काढू लागले. माझे एक काका, जे मामांना वर्षानुवर्षं 'तुझ्या आईचा तो नळवाला भाऊ' म्हणायचे, त्यांनी ऑफिसात सांगितलं की आम्हा दोघांची पहिल्यापासून फार जवळीक.

मामीचं मत वेगळं होतं. ती प्रत्येक भाग बघायची, शिवत शिवत, चष्म्याच्या वरून. एकदा मी तिला विचारलं, तुला भीती नाही का वाटत?

"भीती कसली," ती म्हणाली. "मला पटतच नाही ते. यांना कपड्याचं मशीन कुठनं सुरू होतं ते ठाऊक नाही. फ्रिजमध्ये लोणी कुठे ठेवतात ते मला विचारतात. आणि मशीनने म्हणे यांच्यावर सूड घेतला. अगं, मशीनला आधी कळायला तर हवं ना, की हे मालक आहेत. उन्हातान्हात राबवते मी त्याला. सूड घ्यायचा तर माझ्यावर घेईल ते."

मामा शेजारीच होते. ते म्हणाले, हा मुद्दा आपण लेखकाच्या कानावर घालू. आणि खरंच घातला. लेखक म्हणाला की बाईला मारलं तर प्रेक्षकांना वाटतं हा रोजचाच अपघात आहे. पुरुष मेला की रहस्य तयार होतं.

पुढे पुढे प्रेक्षकांच्या लक्षात यायला लागलं की दाढी असो नाही तर टोप, मरणारा माणूस एकच आहे. लोकांनी विचारणा केली. दुसरा एखादा माणूस मारायला घ्यावा, हा सोपा उपाय मालिकावाल्यांना सुचला नाही. त्यांनी जाहीर केलं की हे सगळे मयत एकमेकांचे सख्खे भाऊ होत, आणि त्यांच्या घराण्याला मशीनांचा शाप आहे. भाऊ संपले तेव्हा चुलत भाऊ आणले. मामी म्हणाली, त्या आईची आणि काकूची मला दया येते. पण लोकांना हे फार आवडलं. त्यामुळे मामांची नोकरी पक्की झाली. घराणं मोठं होतं आणि मशीनंही बाजारात रोज नवी येत होती.

हळूहळू रस्त्यात फरक दिसू लागला. अनोळखी लोकही त्यांना मामा म्हणू लागले. मामा लिफ्टमध्ये शिरले की आतले लोक काहीतरी विसरल्यासारखं करून बाहेर पडत. शेजारच्या एका बाईने आपला टोस्टर विकण्याआधी त्यांना दाखवून नेला, ह्याच्या मनात काय आहे ते बघा म्हणून. मामांनी टोस्टरला कान लावला आणि सांगितलं, ठेवा, गरीब आहे. मला वाटलं होतं ते थट्टा करतायत. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मात्र तसं वाटत नव्हतं. पण त्या चेहऱ्याकडे बघून कुणाला कधी काय कळलंय?

अशात त्यांच्या रस्त्याच्या टोकाला घरगुती उपकरणांचं एक मोठं दुकान उघडणार होतं. दुकानदार हुशार माणूस. त्याच्या आधीच्या लहान दुकानात लोक मशीन घेताना विचारू लागले होते, हे बुधवारी आलं होतं तेच का? त्याने काट्याने काटा काढायचा ठरवलं. ज्या माणसाला सगळ्या मशीनांनी मारलं, त्याच माणसाने येऊन फीत कापायची, हसत हसत प्रत्येक मशीनवर हात ठेवायचा, आणि लोकांचं मन निर्धास्त करायचं. मामांना हे बोलावणं फार मोलाचं वाटलं. त्यांनी नवा लोकरी मफलर घेतला. मामीने मला सांगितलं, तू पण चल, ते सध्या जमिनीवर नसतात, कुणीतरी खाली धरायला हवं.

आम्ही तिघं गेलो. दुकानाबाहेर फुगे होते, लाउडस्पीकर होता, अर्धा रस्ता भरेल एवढी गर्दी होती. मामांनी फीत कापली. कात्री शोभेची, मोठी, सोनेरी मुठीची. तिने रिबीन कापली नाही, चावली. शेवटी मामांनी उरलेली हाताने तोडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मामा आत फिरले. फ्रिजवर हात ठेवला, टाळ्या. इस्त्रीवर हात ठेवला, टाळ्या. मामी या सगळ्याला कंटाळून मागच्या बाजूला शिलाई मशीनं लावली होती तिकडे गेली.

दुकानाच्या मधोमध एका चौथऱ्यावर मसाजची खुर्ची होती. काळी, जाडजूड, पाय पसरून बसलेल्या सावकारासारखी. दुकानदाराला तीच खपवायची होती. खुर्चीच्या पाठीत चाकं असतात, ती खालून वर फिरत माणसाची पाठ रगडतात. हात आणि पोटऱ्या धरायला हवेच्या पिशव्या असतात. चाकं लोकांना दिसावीत म्हणून त्याने पाठीवरच्या कापडाची चेन उघडून ठेवली होती. मामा बसले. दुकानदाराने बटण दाबलं आणि माइकवर सांगायला लागला की बघा, आपले लाडके मामा किती आरामात बसलेत.

पिशव्या फुगल्या आणि त्यांनी मामांचे दोन्ही हात, दोन्ही पाय धरले. तोवर सगळं ठीक होतं. मग मफलरचं मागचं टोक त्या उघड्या चेनीतून आत गेलं आणि चाकांनी ते पकडलं.

मी अगदी समोर उभी होते. मला दिसलं की मामांचं डोकं एकदम मागे गेलं आणि मफलर गळ्याला आवळला. मामांनी डोळे फाडले नाहीत. ओरडले नाहीत. डावा हात वर करता येणं शक्यच नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर एक हसू आलं, ओशाळलेलं, चुकून दुसऱ्याच्या पायावर पाय पडला की येतं तसं. आणि अगदी हलक्या आवाजात ते खुर्चीला म्हणाले, "अहो, जरा थांबता का? एक मिनिट."

लोक टाळ्या वाजवायला लागले. सांगायला लाज वाटते, पण मीही दोनदा वाजवल्या. पुढे उभा असलेला एक गृहस्थ ओरडला, "मामा, डोळे! डोळे मोठे करा!" कुणी म्हणालं, आज रंगत नाहीये. एका बाईने शेजारणीला सांगितलं की फुकटात असंच काम करतात ही मंडळी, टीव्हीवर कसं जीव तोडून करतात. पंधरावीस मोबाइल वर झाले होते. दुकानदार माइकवर म्हणत होता, ही खुर्ची एकदा धरली की सोडणार नाही, असा आराम. मामांचे ओठ हलत होते, पण आता आवाज येत नव्हता. हसू मात्र तसंच.

मामीला मागे काही दिसत नव्हतं. तिने नंतर मला सांगितलं, मला गप्प ऐकू आलं. "हे मरताना इतका आरडाओरडा करतात, इमारत गोळा होते. इथे बसल्यापासून यांचा आवाजच नाही. मी म्हटलं, काहीतरी खरं चाललंय." ती कोपराने माणसं बाजूला करत आली. तिने मामांकडे एकदाच पाहिलं आणि भिंतीकडे वळून प्लग उपटला. तो माइकचा निघाला. दुकानदार मधल्या शब्दावर थांबला. दुसरा उपटला, बाहेरची रोषणाई गेली. तिसऱ्याला खुर्ची थांबली.

थांबली, पण मफलर सुटेना. मामीने फितीची ती सोनेरी कात्री उचलली, एका हाताने मफलर ताणला आणि कचाकचा कापायला लागली. कात्रीला धार नव्हती. ती मामीच्या तोंडात होती. त्या दुकानदाराला, त्याच्या कात्रीला, त्या मोबाइलवाल्यांना आणि मला तिने त्या वेळात जे ऐकवलं ते अजून कानात आहे. मफलर तुटला. मामांनी दीर्घ श्वास घेतला, खोकले, आणि आधी काय केलं असेल तर खुर्चीला म्हणाले, "आभारी आहे."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मामीचा प्रवेश त्यांना विशेष आवडला.

डॉक्टरांनी गळ्याला मलम दिलं आणि आठवडाभर बोलू नका म्हणून सांगितलं. मामा आठवडाभर गप्प बसले. घरात पूर्वीसारखं झालं, असं मामी म्हणाली, पण ते म्हणताना ती खूश दिसली नाही. मोबाइलवरचं ते चित्रण तोवर घरोघर पोचलं होतं. त्याखाली लोकांनी लिहिलं होतं की इतका सुमार अभिनय मामांकडून अपेक्षित नव्हता. मामांनी ते सगळं वाचलं. मी सांगत होते, नका वाचू. ते खुणेने म्हणाले, वाचू दे.

आणि मग दिग्दर्शकाचा फोन आला. त्याने चित्रण पाहिलं होतं आणि ते खरं आहे हे त्याला ठाऊक होतं. पुढचा बुधवार मसाजच्या खुर्चीचा, त्याने जाहीर करून टाकलं. लोकांना जे अर्धं दिसलं ते आपण पूर्ण दाखवू, म्हणाला. मामी फोनवर त्याला जे बोलली त्यातलं फारसं इथे देता येणार नाही. पण मामा जायला तयार झाले. जाण्याआधी ते माझ्याशी बोलले, आणि असे ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.

"मला आता माहीत आहे गं," ते म्हणाले. "आजपर्यंत मी नुसता ओरडत होतो. माणूस ओरडत नाही. त्याला लाज वाटते. चारचौघांत आपल्यामुळे खोळंबा झाला, असं वाटतं त्याला. हे मला एकदा करून दाखवू दे."

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर वर गेले. मालिकावाल्यांनी भाड्याची खुर्ची आणली होती, चाकं काढून. मामा बसले. पिशव्या फुगल्या. मागून एक माणूस मफलरचं टोक हळूहळू ओढत होता. आणि मामांनी ते केलं. ते ओशाळलेलं हसू, ती मान, तो आवाज. "अहो, जरा थांबता का? एक मिनिट." मेकअप करणारी बाई पुढे झाली आणि ओढणाऱ्या माणसाला म्हणाली, सोड रे, त्यांना लागतंय. मी उठून प्लगकडे निघालेही होते.

दिग्दर्शकाने थांबायला सांगितलं. तो मामांजवळ येऊन बसला आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून फार प्रेमाने म्हणाला, "मामा, छान. पण असं कुणी मरत नाही हो."

मामा म्हणाले, "मी असाच मरत होतो."

"ते घरी ठीक आहे. प्रेक्षकाला कळायला नको का, की हा घाबरलाय? तो तिकडे बटाटे सोलतोय, अर्धं लक्ष आहे त्याचं. तुम्ही हसलात की तो म्हणणार, काही झालं नाही. डोळे करा मामा. आपले नेहमीचे."

मला वाटलं होतं, मामा उठतील. मामा उठले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर खिडकीवरचा तो भाव परत आला. दुसऱ्या गावच्या पुराची बातमी ऐकावी तसं त्यांनी जरा ऐकून घेतलं, आणि मग ते डोळे फाडून, डावा हात वर करून, नाही नाही ओरडले. एकाच फटक्यात काम झालं. बुधवारी तो भाग लागला आणि लोकांनी लिहिलं की बघा, दुकानात फुकट केलं होतं ते आणि हे, किती फरक.

मामांनी तो भाग पाहिला नाही. त्या वेळी ते धुण्याच्या मशीनसमोर स्टूल टाकून बसले होते आणि मामी त्यांना शिकवत होती, रंगीत वेगळे, पांढरे वेगळे. त्यानंतर त्यांनी वर जाणं सोडलं. कारण दिलं नाही, भांडणही केलं नाही. बोलावणं आलं की ते म्हणत, आज कपडे लावायचेत. मालिकावाल्यांनी त्या घराण्याचा एक लांबचा जावई शोधून काढला आणि दुसराच माणूस मारायला सुरुवात केली. मामांच्या मते त्याला श्वास रोखता येत नाही. मेल्यावर त्याचं पोट हलतं.

वर्षभराने जवळच्या एका हौशी नाटक मंडळीने मामांना विचारलं. भूमिका लहान होती. पहिल्या अंकात वरच्या मजल्यावरचा शेजारी येतो, शिडी मागतो, घेऊन जातो. शेवटच्या अंकात परत आणून देतो. बस. मामांनी मला विचारलं की मध्ये याचं काही होत नाही ना? मी नाटक वाचून सांगितलं, नाही, जिवंत राहतो. मग ते हो म्हणाले.

पहिल्या प्रयोगाला आम्ही सगळे गेलो, आई, मामी, ते काका, सगळे. मामा आले, त्यांनी शिडी मागितली, आणि नाट्यगृह एकदम गप्प झालं. शिडी खांद्यावर घेऊन ते दाराकडे वळले, तेव्हा पुढच्या रांगेतून कुणी म्हणालं, "सांभाळून." मामा गेले. त्यानंतर नायक-नायिकेचं लग्न मोडलं, थोरल्या भावाने घर सोडलं, आई आजारी पडली, पण लोकांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते शिडीचं काय झालं याची वाट बघत होते. मध्यंतरात दोन माणसं पैज लावत होती की शिडीला करंट असणार.

शेवटच्या अंकात आईच्या उशाशी बसून नायिका रडत होती. फार चांगलं रडत होती बिचारी. तेवढ्यात दार वाजलं आणि मामा शिडी घेऊन आत आले, धडधाकट. नाट्यगृहात असा जल्लोष झाला की नायिकेला रडणं थांबवून बसून राहावं लागलं. मामा गोंधळले. त्यांनी शिडी भिंतीला टेकवली, लोकांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते ओशाळलेलं हसू आलं. मग ते आपलं वाक्य म्हणाले, आभारी आहे, आणि निघून गेले. पडद्यामागे नाटकाची दिग्दर्शिका त्यांच्यावर चिडून बोलली म्हणतात, की तुमच्यामुळे माझं नाटक शिडीचं झालं. तरी पुढच्या सगळ्या प्रयोगांना तिने त्यांनाच घेतलं. तिकिटं त्यांच्यामुळे खपत होती.

त्या दिवशी आम्ही बसने घरी परतलो. मामा-मामी माझ्या पुढच्या बाकावर होते. मग मामांनी विचारलं, कसं झालं?

"शिडी उलटी धरली होतीत," मामी म्हणाली.

"हो?"

"हो. मला तर वाटलं, दारात अडकता आता." तिने पिशवीतून मलमाची डबी काढली, झाकण उघडून त्यांच्या हातात दिली. गार हवा लागली की त्यांचा गळा अजून दुखतो. "पण आणून दिलीत ते बरं केलंत. लोक नेतात आणि ठेवून घेतात."

मामांनी बोटाने मलम घेतलं आणि खिडकीबाहेर बघत गळ्याला लावत राहिले.